राधाबाईंची ओव्हर

आमच्या चाळीत दोन माणसं रिटायर होऊनही कामावर आहेत. एक मी. भोईवाडा कोर्टात मी बत्तीस वर्षं बेंच क्लार्क होतो, त्यामुळे नळावरच्या भांडणापासून दोरीवरून नाहीशा झालेल्या टॉवेलापर्यंत सगळी प्रकरणं अजूनही माझ्याकडे येतात. मी दोन्ही बाजू ऐकून घेतो, चष्मा पुसतो आणि पुढची तारीख देतो. बहुतेक भांडणं तारखेपर्यंत टिकत नाहीत.

दुसऱ्या राधाबाई. त्यांची खोली माझ्या बरोबर समोर. मधून पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या अशी आमची चाळ आहे, आणि दिवसा दार लावायची पद्धत नाही. माझ्या खुर्चीतून त्यांचं घर थेट मोरीपर्यंत दिसतं. मी बघत नाही. दिसतं.

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात राधाबाई चौतीस वर्षं वॉर्डात आयाबाई होत्या. यजमान कोंडीराम गिरणीत. आधी गिरणी गेली, मग कोंडीराम गेले. मुलगा प्रसेनजित तेव्हा नऊ वर्षांचा होता. बाई नाइट करून सकाळी घरी यायच्या, पाणी भरायच्या, स्वयंपाक, भांडी, कपडे, पोराची शाळा, आणि दुपारी कधीतरी तासभर भिंतीला टेकून बसायच्या. आडव्या झालेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. पण पोराला त्यांनी इकडचा पेला तिकडे करू दिला नाही. बापाविना पोर, त्याला कशाला कामाला जुंपायचं, असं त्यांचं म्हणणं. पोर त्यामुळे फार सुखात वाढलं आणि त्याच सुखात बेचाळीस वर्षांचं झालं.

प्रसेनजित लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे. विसाव्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट तो अर्ध्या तासात खाली आणतो. जेवण झाल्यावर स्वतःचं ताट मोरीपर्यंत नेणं मात्र त्याला अजून जमलेलं नाही. अंतर सात फूट आहे. माणूस वाईट नाही. दारू नाही, आरडाओरडा नाही. बसतो.

घर ओढायची ती त्याची बायको, दीपिका. ती एका लॅबमध्ये रक्त तपासते. दिवाळी झाली आणि लॅबने तिला नाशिकला सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला जाणार का म्हणून विचारलं. करून आलं की सीनियर. आठ वर्षांपूर्वीही विचारलं होतं, पण धाकटा एक वर्षाचा होता म्हणून ती गेली नाही, आणि तिच्या हाताखाली शिकलेली मुलगी गेली. ती मुलगी आज तिची मॅडम आहे. या खेपेला स्पष्ट सांगितलं होतं की नाही म्हणालात तर पुन्हा विचारणार नाही.

“जा ना,” प्रसेनजित म्हणाला. “मी कुठे नको म्हणतोय? पण घराचं काय?”

घर हा प्रश्न त्याला खरोखरच पहिल्यांदा पडला होता.

 दीपिका पोळ्या करत होती. राधाबाई स्टुलावर बसून गवार मोडत होत्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत, दहा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही.

“तू हो म्हणून कळव,” त्या म्हणाल्या. “घराचं मी बघते.”

“आई, तुमच्याने उभं तरी राहवतं का?”

“करते कुठे म्हटलं? बघते म्हटलं.”

चाळीत लगेच झालं, की म्हातारी आता उंटावरून शेळ्या हाकणार. शेळ्या दोन होत्या. तेरा वर्षांची नूपुर आणि नऊ वर्षांचा हर्षवर्धन, म्हणजे हर्षू. जायला तीन आठवडे होते, आणि दीपिकाने लॅबकडून आठवड्याची मुदत मागून घेतली.

रविवारी सकाळी राधाबाईंनी नातवंडांना समोर बसवलं. “उद्यापासून या घरात ओव्हर चालू,” त्या म्हणाल्या. “सकाळची नूपुरची, संध्याकाळची हर्षूची. टाळाटाळ चालणार नाही.”

“पहिली मला! आजी, पहिली ओव्हर मला दे!” हर्षू ओरडला.

राधाबाईंचे डोळे भरून आले. चौतीस वर्षांत वॉर्डातल्या कुणी इतक्या आनंदाने ओव्हर मागितली नव्हती. तिथेच संशय यायला हवा होता. मलासुद्धा आला नाही, आणि मी तर संशयावर पेन्शन घेतो.

सोमवारी संध्याकाळी हर्षूने भांडी घासली. सहा. चार ताटं, एक पातेलं, एक झारा. बाकीची मोरीत तशीच ठेवून तो हात पुसत खेळायला गेला. मंगळवारी सकाळी नूपुरने वाळलेले कपडे घडी केले. सहा. उरलेला ढीग खाटेवर राहिला आणि त्यावर प्रसेनजित बसला. संध्याकाळी तांदूळ निवडले, सहा मुठी. बुधवारी पिंपात सहा कळश्या पाणी पडलं आणि दुपारपर्यंत संपलं. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची अशा दोनच तसबिरी, त्या हर्षूने प्रत्येकी तीनदा पुसल्या. त्याच संध्याकाळी त्याने सकाळपासून पसरलेली अंथरुणं गुंडाळायला घेतली. त्यांच्याकडे अंथरुणं पाच. तो पॅसेज ओलांडून माझ्याकडे आला आणि माझी सतरंजी गुंडाळू लागला. मी तिच्यावर बसलो होतो.

पोर प्रामाणिक होतं हे मान्य करायला हवं. एकदा त्याच्या हातून ताट निसटलं, तर तो स्वतःहून “नो बॉल” म्हणाला आणि एक वाटी जास्तीची घासली. ते मी ऐकलं. मला वाटलं, मुलाच्या डोक्यात सतत क्रिकेट.

“अरे, बाकीची भांडी?” राधाबाई विचारायच्या.

“ओव्हर झाली ना, आजी.”

“झाली कशी? मोरी भरलीय!”

“आता नूपुरची.”

आणि नूपुर म्हणायची, “माझी सकाळी.”

गुरुवारी राधाबाईंचा तोल गेला. पोरं शेफारलीत, आईच्या जिवावर उठलीत, असं बरंच बोलल्या. हर्षू रडला. दीपिका लॅबमधून येऊन चपला काढत होती. तिने पर्स खाली ठेवली, मोरीकडे पाहिलं, पदर खोचला आणि उरलेली भांडी घासून टाकली. मग हात पुसून फोन घेतला आणि लिहायला लागली. ‘सॉरी मॅडम’ एवढं लिहून झालं होतं. राधाबाईंनी तिच्या हातातला फोन काढून घेतला, दोन्ही नातवंडांना पुढे घातलं आणि दोन्ही गुडघ्यांसकट माझ्या दारात आल्या.

“भाऊ, तुम्हीच विचारा यांना. माझं डोकं चालत नाही.”

मी चष्मा पुसला. आधी हर्षूचा जबाब घेतला.

“काका, आजी चीटिंग करते,” तो हुंदके देत म्हणाला. “रोज सातवा बॉल टाकायला लावते.”

“कसला बॉल?” राधाबाई म्हणाल्या. “भांड्यात बॉल कुठून आला?”

“ओव्हर म्हणजे काय रे?” मी विचारलं.

“सहा बॉल.”

मी राधाबाईंकडे वळलो. “आणि तुमची ओव्हर म्हणजे काय?”

“भाऊ, चौतीस वर्षं वॉर्डात काढली. ओव्हर म्हणजे काय ते मला विचारता?”

“विचारतो. कारण गेले चार दिवस मला वाटतंय, तुम्हाला म्हातारपणी क्रिकेटचा नाद लागला.”

राधाबाई माझ्या खुर्चीत बसल्या. मी उभा राहिलो. मग त्यांनी सांगितलं. वॉर्डात पाळी बदलताना जाणारी येणारीला ओव्हर देते. एक नंबरच्या बेडपासून शेवटच्यापर्यंत दोघी सोबत चालतात. याची चादर बदलली, त्याची राहिली, ही रात्रभर कण्हत होती, तो जेवला नाही. “आणि ओव्हर कानांनी घ्यायची नसते,” त्या म्हणाल्या, “डोळ्यांनी घ्यायची. येणारीने नुसतं हो-हो करून चालत नाही. बघायचं, आणि ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. मग जाणारी सुटली.”

हर्षूचं रडं थांबलं होतं. “मग ड्यूटीला बॉल किती?”

“मोजायचे नसतात. रिलिव्हर येईपर्यंत करायचं.”

“आणि रिलिव्हर आलाच नाही तर?”

 “मग डबल ड्यूटी,” त्या म्हणाल्या आणि विषय बदलला.

नूपुर एवढा वेळ काही बोलली नव्हती. मी विचारलं, तुलाही क्रिकेटच वाटलं का? ती म्हणाली, सोमवारी वाटलं होतं, मंगळवारी कळलं. मग बोलली का नाहीस? “कुणी विचारलं नाही,” ती म्हणाली. ही मुलगी कोर्टात चालेल.

तारीख द्यावी लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून खरी ओव्हर सुरू झाली. शाळेतून आलेला हर्षू आणि शाळेत जायच्या आधीची सगळी कामं करून गेलेली नूपुर संध्याकाळी पाच वाजता दारात उभी राहायची. “एक नंबर, गॅस. बंद. दोन नंबर, पिंप. भरलेलं, झाकण नीट बसत नाही. तीन नंबर, कपडे. आठ वाळले, पप्पांची पँट ओली.” हर्षू झाकण उचलून बघायचा, पँटला हात लावायचा, आणि सगळं परत म्हणून दाखवायचा. सकाळी उलट. कधी भांडायची. एकदा कचऱ्याच्या डब्यावरून दोघांनी ओव्हर घ्यायचीच नाकारली आणि डबा अर्धा दिवस पॅसेजमध्ये अनाथासारखा उभा होता. पण चालू लागलं. दीपिकाने लॅबला हो कळवलं.

या सगळ्यात प्रसेनजित टीव्ही बघत असायचा. केर काढताना हर्षू जवळ आला की पाय वर घ्यायचा. एवढं त्याचं सहकार्य. माझी बायको यशोदा हे आमच्या दारातून बघायची, आणि बघून झालं की माझ्याकडे बघायची. मी पेपर जरा वर धरायचो.

जायचा दिवस सोमवार. सकाळी पावणेसातला खाली टॅक्सी उभी, दादरहून नाशिकची बस. नूपुर आणि हर्षू शाळेच्या गणवेशात. त्यांची आपसातली ओव्हर देऊन-घेऊन झाली होती. राधाबाई स्टुलावर. प्रसेनजितच्या एका हातात फोन आणि दुसऱ्यात चहा. दीपिका बॅग घेऊन दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. बॅग खाली ठेवली. आत बघितलं. पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली.

“काय गं?” प्रसेनजित म्हणाला. “टॅक्सी थांबलीय.”

“निघते.” पण ती निघेना.

“मम्मी, तू ओव्हर दिली नाहीस,” हर्षू म्हणाला.

“दिली ना रे तुम्हाला.”

“ती आमच्या कामांची. तुझी कुणी घेतली?”

दीपिकाने राधाबाईंकडे पाहिलं. राधाबाईंनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. “माझ्याकडे बघू नको, मी रिटायर आहे,” त्या म्हणाल्या.

मग सगळ्यांनी प्रसेनजितकडे पाहिलं. मीही पाहिलं, आता लपवण्यात अर्थ नाही.

“हां, सांग ना. ऐकतोय मी,” तो फोनवरून नजर न काढता म्हणाला.

“कानांनी नाही, पप्पा,” हर्षू म्हणाला. “उठा.”

प्रसेनजित उठला. हसतच उठला. एकशे साठ स्क्वेअर फुटांच्या खोलीत काय चालायचं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. हर्षू बोटांवर मोजायला लागला. काही केल्या त्याची ती खोड गेली नव्हती.

“गॅसचं उजवं बटण उलटं फिरतं,” दीपिका म्हणाली. “सिलिंडर वीस तारखेच्या आसपास संपतो, त्याआधी नंबर लावायचा. नळाला पाणी पहाटे पाचला येतं, सव्वापाचला जोर जातो, म्हणून पिंप आधी, कळश्या नंतर. दुधाची पिशवी आत घ्यायची, बाहेर मांजर फाडतं. आईंची प्रेशरची गोळी सकाळी पांढरी, रात्री पिवळी. त्या घेतली म्हणतात, घेतलेली नसते. गुडघ्याचं तेल कोमट, गरम नाही.”

“तेल कोमट,” प्रसेनजित म्हणाला. तो अजून हसत होता, पण कमी.

“हर्षू झोपेत पांघरूण लाथाडतो. एकदा दोनला बघायचं, एकदा चारला. डब्यात भेंडी दिली तर तो मित्राला देतो आणि उपाशी राहतो. नूपुरचं सामान या खणात. संपत आलं की आणून ठेवायचं, विचारायचं नाही. ती मागणार नाही.”

नूपुर दाराबाहेर बघायला लागली. प्रसेनजितने फोन खिशात टाकला. कंपनीचं एक जॉब कार्ड काढलं आणि त्याच्या पाठीमागे लिहायला लागला.

“तुझ्या शर्टाचं दुसरं बटण नेहमी सुटतं, सुईदोरा इथे. तू भाजीत मीठ कमी म्हणत नाहीस, नुसतं जेवण कमी करतोस. त्या दिवशी मीठ ताटाजवळ ठेवायचं.”

“मी जेवण कमी करतो?”

“करतोस.”

ती एकेका वस्तूपाशी थांबत होती, आणि तो मागे मागे, झाकणं उचलत, खण उघडत. बरणी कुठली, डबा कुठला, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. आधी तो हो म्हणायचा, मग परत म्हणून दाखवायला लागला, आणि शेवटी तर तिचं बोलणं संपायची वाट न बघता “थांब, लिहितो” म्हणायला लागला. खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही.

“छत्तीस,” हर्षू म्हणाला. त्याची बोटं कधीच संपली होती. “सहा ओव्हर झाल्या. मम्मी, दुसऱ्या बाजूने कोण टाकतं?”

  यशोदा माझ्या मागे उभी होती आणि मला मागे वळवेना.

“बाकीचं फोनवर सांगते,” दीपिका म्हणाली. तिने राधाबाईंच्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं, त्यांनी तिला मध्येच धरलं. मला “येते, काका. जय भीम” म्हणाली. या वेळी बॅग तिने एकदाच उचलली आणि जिना उतरून गेली.

प्रसेनजित कार्ड हातात धरून घराच्या मधोमध उभा होता. आता चालू केलेली लिफ्ट पुन्हा बंद पडेल की काय अशी धास्ती घेऊन तो जसा साइटवर उभा राहत असेल, तसा.

“आता माझी घे,” राधाबाई म्हणाल्या.

“तुझी कसली ओव्हर, आई?”

“तुझा बाप गेला तेव्हा तू या हर्षूएवढा होतास. तेव्हापासून माझी द्यायची राहिलीय. मीच दिली नाही. पोर थकेल म्हणून तुला उचलू दिलं नाही, आणि तुला वाटलं, घर आपोआप चालतं. माझं चुकलं, प्रसेन. दीपिकाचं आयुष्य त्यात गेलं असतं.”

 प्रसेनजितने पेन पुन्हा उघडलं.

“लिहू नको, बघ,” त्या म्हणाल्या आणि वॉर्डातला आवाज काढला. “बेड नंबर पाच. बाई, वय अडुसष्ट. दोन्ही गुडघे खराब. प्रेशर. जेवण घेते. बाकी तक्रार नाही. झोप नाही.”

“झोप कधीपासून नाही?”

हा प्रश्न येणाऱ्याने विचारायचा असतो. त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

“तेहतीस वर्षं,” राधाबाई म्हणाल्या.

तो त्यांच्यासमोर खाली बसला. त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “बेड नंबर पाच,” तो म्हणाला. “बाई, वय अडुसष्ट. दोन्ही गुडघे खराब. प्रेशर. सकाळी पांढरी, रात्री पिवळी. तेल कोमट.” मग त्याने पेनचं टोपण लावलं. “झोप नाही. तेहतीस वर्षं. घेतली, आई. ओव्हर घेतली.”

राधाबाईंनी मान हलवली. स्टुलावरून हाताच्या आधाराने उठल्या, खाटेपाशी गेल्या आणि आडव्या झाल्या. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. पॅसेजमध्ये उजेड आला होता, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी वाजत होती. दोन मिनिटांत त्यांना झोप लागली, श्वास संथ आणि मोठा.

नूपुर आणि हर्षू दप्तर अडकवून शाळेला निघाली. हर्षूला काहीतरी विचारायचं होतं, तो मोठ्याने “पप्पा” म्हणाला. प्रसेनजित कपबशा उचलून मोरीकडे निघाला होता. तो वळला.

“हळू,” तो म्हणाला. “नाइट करून आलीय.”

पोरं बूट हातात घेऊन जिन्यापर्यंत गेली.